शिवारातील टेकड्या व नाले यांच्या नावांची नोंदवही



अमरावतीच्या राजापेठेतील एखाद्या मुलास शहरातून वाहणाऱ्या प्रवाहाचे नाव विचारावे, तर पुष्कळदा तो ‘नाला’ एवढेच उत्तर देतो. त्या प्रवाहास ‘अंबानाला’ असे स्वतःचे नाव आहे. शहरातील हे नाव निदान कागदावर तरी आहे. आपल्या खेड्यांच्या शिवारातील लहान नाले, डोह, टेकड्या, बरडे व खिंडी यांची नावे मात्र बहुधा कोठेच लिहिलेली नसतात. तलाठ्याच्या दप्तरात शेताचा क्रमांक मिळतो. नाल्याच्या वळणास गुराखी काय म्हणतो, ते मिळत नाही. ते केवळ बोलण्यात असते व बोलणाऱ्याबरोबर जाते.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. तरुण शिक्षक असताना मुलांना घेऊन एका नाल्याच्या काठाने गेलो होतो. सोबत एक वृद्ध गुराखी होते. त्यांनी वाटेतील प्रत्येक डोहाचे व उताराचे नाव सांगितले. मुलांनी ऐकले, मीही ऐकले. वही मात्र कोणीच काढली नाही. पुढील पावसाळ्यापूर्वी ते गृहस्थ वारले. आज मला त्यांतील दोनच नावे आठवतात, आणि ती कोणत्या डोहांची, हे निश्चित सांगता येत नाही. हा दोष सर्वस्वी माझा होय. तो आपल्या हातून घडू नये, म्हणून हे टिपण.

हे काम आपल्या प्रांतास नवे नाही. चक्रधरस्वामींनी जेथे जेथे वास्तव्य केले, त्या स्थानांची माहिती महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त नोंदलेली आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे त्या पंथाचे थोर क्षेत्र. स्थान कोणत्या गावी, कोणत्या दिशेस, कशाच्या जवळ, हे त्या पोथीत नेमकेपणाने सांगितले आहे. त्यामुळेच शतके लोटल्यावरही अभ्यासकांस ती स्थाने शोधता येतात. नुसते नाव लिहून भागत नाही, ठिकाणही लिहावे लागते, हा धडा आपण तेथून घ्यावा.

नोंद करताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. नाव जसे ऐकू येईल तसेच प्रथम लिहावे. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा उच्चार पुष्कळदा ‘य’ होतो. ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो. गावकरी ‘काया नाला’ म्हणत असतील तर पहिल्या रकान्यात तेच लिहावे व ‘काळा नाला’ हे रूप दुसऱ्या रकान्यात द्यावे. केवळ शुद्ध रूप लिहिले तर बोली हरवते. केवळ बोलीतील रूप लिहिले तर उद्या कोणी ‘काया’ म्हणजे शरीर समजून नवी कथा रचील.

२. अर्थ आपण बसवू नये; सांगणाऱ्यास विचारावा. मेळघाटातील सिपना नदीचे नाव ऐकून मराठी माणसास ‘शिंपणे’ आठवेल. परंतु कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागवान. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून तिचे मूळ मराठीहून निराळे आहे. ज्या वर्गात कोरकू मुले आहेत, तेथे या पाठापुरती तीच गुरुजी होत.

३. आख्यायिका ‘आख्यायिका’ म्हणूनच लिहावी. चिखलदऱ्याचा संबंध लोक कीचकाशी जोडतात. ती कथा अवश्य नोंदवावी. खरेखोटे ठरविण्याचा अधिकार मात्र आपला नव्हे.

४. रोमन लिपीतील नकाशावरून नाव उतरवू नये. बाळापूरचा किल्ला मन व म्हैस या नद्यांच्या संगमावर आहे. ‘मन’ हे नाव रोमन अक्षरांत लिहिले की ते मन, मान की माण, हे परक्यास कळत नाही. आयर्लंडमध्ये जॉन ओ’डोनोव्हन या पंडिताने १८३० नंतर सरकारी मोजणीसाठी गावोगाव हिंडून स्थळनावांचे मूळ उच्चार लोकांच्या तोंडून टिपले. इंग्रजी नकाशात रूप पालटलेल्या नावांचा उलगडा आज त्या टिपणांवरून होतो.

५. काही नावे जातिवाचक किंवा कोणास लागतील अशी असतात. राज्य शासनाने २०२० साली वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, त्यामागील भावना आपण जाणतोच. अशी नावे शिक्षकाने स्वतःच्या वहीत टिपावीत. वर्गात त्यांचे वाचन करवू नये.

वहीत सात रकाने असावेत : ऐकलेले नाव, प्रमाण रूप, प्रकार, ठिकाण, सांगितलेला अर्थ, सांगणाऱ्याचे वय व व्यवसाय, आणि तारीख. ठिकाण लिहिताना न हलणाऱ्या वस्तूपासून दिशा व अंतर द्यावे. उदाहरणार्थ, ‘मारुतीच्या देवळापासून उत्तरेस सुमारे अर्धा किलोमीटर’. एकाच टेकडीस दोन वाड्यांत दोन नावे असतील तर दोन्ही घ्यावीत. माहेरी व सासरी अशा दोन शिवारांची नावे ज्यांना ठाऊक असतात, त्या वृद्ध स्त्रियांना विचारण्यास विसरू नये. नाले पावसाळा सरता सरता पाहावेत, टेकड्या हिवाळ्यात. मुलांना डोहाच्या काठाशी नेऊ नये.

हे सर्व कशासाठी, असे कोणी विचारील. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ साली स्थापन झाला. पुढे कोहा, कुंड, बोरी या गावांचे जंगलातून अकोट परिसरात पुनर्वसन झाले. घरे नव्या ठिकाणी बांधता येतात. पण ज्या झऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पाणी भरले, त्यांची नावे नव्या गावी कोणत्या प्रवाहास द्यावयाची? तेथील मुले ती नावे आजोबांच्या तोंडूनच ऐकणार, आणि आजोबांनंतर कोणाच्या तोंडून?

प्रत्येक शाळेने या सत्रात निदान वीस नावे नोंदवावीत. एक प्रत शाळेत ठेवावी, एक ग्रामपंचायतीस द्यावी. वीस न मिळाली तर पाच चालतील. परंतु गावातील सर्वांत वयोवृद्ध माणसाकडे प्रथम जावे, आणि जाताना वही सोबत न्यावी.