डोळ्यांचा दवाखाना बंद पडतो तेव्हा

मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत बसू नका, असे मागे एका लेखात लिहिले होते. ते वाचून एक गृहस्थ वर्तमानपत्राची घडी खिशात घालूनच दवाखान्यात आले. म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, वाट बघू नका म्हणता, पण आमच्या गावातलं ऑपरेशनच बंद झालंय. पूर्वी सकाळी आईला नेलं की दुपारी घरी. आता तिथले डॉक्टर तपासतात आन् जालन्याला जा म्हणतात. ती मशीन कुठं गेली?’’

प्रश्न रास्त आहे. मशीन विकली गेली. का विकली गेली हे सांगायचे तर २०२० सालच्या कोरोनापासून सुरुवात करावी लागते, आणि थोडा हिशेबही मांडावा लागतो. आरोग्याच्या सदरात हिशेब कशाला, असे काहींना वाटेल. पण दवाखाना चालतो तो हिशेबावरच, आणि तो कोसळला की त्याची झळ रुग्णापर्यंत कशी येते हे मी जवळून पाहिले आहे.

मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. साधा एमबीबीएस, गेली अठ्ठावीस वर्षे ताप-खोकला पाहणारा. डोळ्यांचे रुग्ण मी ज्यांच्याकडे पाठवीत असे ते माझे मित्र आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतात. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होणे. आता बहुतेक ठिकाणी ‘फेको’ यंत्राने, अगदी लहान छेदातून, ते भिंग आतल्या आत फोडून ओढून घेतात आणि कृत्रिम भिंग बसवतात. हे यंत्र, शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक, तपासणीचा स्लिट लॅम्प, असा सगळा पसारा लाखांत जातो आणि तो बहुधा कर्जावर घेतलेला असतो. आमच्यासारख्याचे भांडवल म्हणजे एक स्टेथोस्कोप, एक बीपीचे मशीन आणि एक कंपाउंडर. डोळ्यांच्या डॉक्टरचे तसे नाही.

आता उदाहरणादाखल एक हिशेब धरू. यंत्रांसाठी २० लाख रुपये कर्ज, १२ टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत. हप्ता सुमारे ४५ हजार. पाच-सहा माणसांचे पगार ७५ हजार, जागेचे भाडे ३० हजार, वीज, जनरेटर आणि यंत्रांची देखभाल ३० हजार. झाले महिन्याचे १ लाख ८० हजार. जमेच्या बाजूला तपासणी फीचे १ लाख, भिंग-औषधांचा खर्च वजा जाता पंचवीस शस्त्रक्रियांचे दीड लाख आणि चष्म्यांच्या दुकानाचे ३० हजार, म्हणजे २ लाख ८० हजार. डॉक्टरच्या हाती लाखभर राहतात. लोक म्हणतात, डोळ्यांचे डॉक्टर बक्कळ कमावतात. असेल.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देश बंद झाला. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेनेच सांगितले की तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तातडीची नसते. म्हणजे ज्या कामावर दवाखाना उभा, नेमके तेच थांबले. शिवाय मोतीबिंदूचे रुग्ण बहुतेक साठीच्या पुढचे, आणि घराबाहेर पडू नका असे सरकार सांगत होते तेही याच वयाच्या लोकांना. स्लिट लॅम्पवर तपासताना डॉक्टरचे आणि रुग्णाचे तोंड समोरासमोर, मध्ये जेमतेम वीतभर अंतर. या साथीचा इशारा देणारे वुहानचे डॉक्टर ली वेनलियांग हे नेत्रतज्ज्ञच होते. ७ फेब्रुवारी २०२० रोजी ते याच आजाराने गेले. आमच्या मित्राने जुन्या एक्स-रे फिल्मला दोन भोके पाडून ती यंत्राला आडवी लावली होती. विकतचा पडदा यायला रस्तेच बंद होते.

वरच्या हिशेबात एप्रिल २०२० ची जमा शून्य धरा. खर्च तसाच राहतो. पण खरी मेख त्यानंतर आहे. जूनपासून हळूहळू सगळे उघडले आणि समजा निम्मे रुग्ण परत आले. मग डॉक्टरचे उत्पन्नही निम्मे होईल असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. २ लाख ८० हजारांचे निम्मे १ लाख ४० हजार, आणि खर्च १ लाख ८० हजार. म्हणजे निम्मे रुग्ण तपासूनही महिन्याला ४० हजार खिशातून घालायचे. वर मास्क, सॅनिटायझर आणि पीपीई किटचा खर्च निराळा. दार बंद ठेवणे परवडत नाही आणि उघडणेही परवडत नाही, अशी ती स्थिती होती.

रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती, आधी तीन महिने आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत. अनेकांना ती माफी वाटली. हप्ता थांबला तरी व्याज थांबले नव्हते. वरच्या कर्जावर सहा महिन्यांत सुमारे १ लाख २३ हजार व्याज चढते. त्यातला व्याजावरच्या व्याजाचा भाग नोव्हेंबर २०२० मध्ये परत मिळाला. आपल्या उदाहरणात तो तीन हजारांच्या आसपास येतो.

हे एकट्या आमच्या मित्राचे नव्हते. ‘इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’ या मासिकात २०२० साली एक पाहणी छापून आली. देशभरातल्या १,२६० नेत्रतज्ज्ञांनी उत्तरे दिली होती आणि लॉकडाऊनमध्ये त्यांपैकी ७२.५ टक्के जण एकही रुग्ण पाहत नव्हते. धर्मादाय रुग्णालयांचे गणित आणखी अवघड. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९७६ पासून घालून दिलेली वाट अशी की, पैसे देणाऱ्याच्या पैशातून गरिबाची शस्त्रक्रिया मोफत करायची. पैसे देणारा घरी बसला की मोफतवाल्याचेही थांबले. सरकारी कार्यक्रमातून स्वयंसेवी संस्थांना अनुदान मिळते ते शस्त्रक्रियेमागे. शस्त्रक्रिया नाही तर अनुदानही नाही. आपल्या जालन्यात गणपती नेत्रालयासारखी संस्था आहे म्हणून आपल्याला याची तितकी जाणीव नसते, पण खेड्यात शिबिर भरवून गाडीभर म्हातारी माणसे आणायची, ही पद्धत गर्दी टाळायच्या काळात चालणार कशी?

आता रुग्णाकडे वळतो, आणि इथे मला माझी एक चूक सांगायची आहे.

आमच्या गावाजवळच्या एका खेड्यातल्या अडुसष्ट वर्षांच्या आजींना मीच त्या मित्राकडे पाठवले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त. कापूस विकला की करू, असे घरच्यांचे म्हणणे होते. २८ मार्चची तारीख मिळाली. ती गेली. कापूसही घरातच पडून राहिला आणि ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले पैसे घरखर्चात गेले. मे महिन्यात एका रात्री मुलाचा फोन आला, ‘‘डॉक्टरसाहेब, मायचं डोकं लई दुखतंय. दोनदा उलटी झाली. डोळाबी लाल झालाय.’’ उन्हाळ्याचे दिवस. मी म्हणालो, पित्त झाले असेल. गोळ्यांची नावे सांगितली आणि डोळ्यासाठी म्हणालो, डोळ्याचे घाईचे काही नसते, बाहेर पडू नका, सगळे उघडल्यावर दाखवू.

ते पित्त नव्हते. फार दिवस राहिलेला मोतीबिंदू कधी कधी पाणी धरून फुगतो. फुगलेले भिंग डोळ्यातल्या द्रवाच्या निचऱ्याची वाट अडवते आणि डोळ्यातला दाब एकदम चढतो. मग अर्धे डोके फुटल्यासारखे दुखते आणि उलट्या होतात. दाब काही तासांत उतरवला नाही तर डोळ्यामागची नस मरते, आणि मेलेली नस कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. हे मी पुस्तकात शिकलो होतो. तिसऱ्या दिवशी मुलाने आईला माझ्या दारात आणले तेव्हा डोळा पाहून मला ते आठवले. त्याच दिवशी मित्राने दवाखाना उघडला, दाब उतरवला आणि पुढे भिंगही काढले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दृष्टी आली नाही. त्या डोळ्याला आज फक्त उजेड कळतो.

म्हणून ‘डोळ्याचे थांबू शकते’ हे वाक्य मी आता वापरत नाही. डोळा लाल होऊन दुखत असेल आणि दिसणे कमी झाले असेल, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, डोकेदुखीबरोबर उलट्या होत असतील, अचानक पडदा पडल्यासारखे किंवा वीज चमकल्यासारखे दिसत असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे, मग बाहेर साथ असो की संचारबंदी. काचबिंदूचे थेंब एक दिवसही बंद करू नयेत. लॉकडाऊनमध्ये बाटली संपली म्हणून महिना-दोन महिने थेंब बंद केलेले लोक मला नंतर भेटले. त्यांना दुखले काहीच नाही, आणि काचबिंदूची भीती हीच की गुपचूप नजर जाते.

पुढे ढकललेल्या शस्त्रक्रिया रद्द झालेल्या नव्हत्या. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली २०१९-२० मध्ये साठ लाखांहून जास्त मोतीबिंदू काढले गेले होते. पुढच्या वर्षी ते चाळीस लाखांच्या आत आले. हा साचलेला भार उतरवायला केंद्राला २०२२ मध्ये राष्ट्रीय नेत्रज्योती अभियान काढावे लागले. दरम्यान मोतीबिंदू घट्ट होत होते. घट्ट मोतीबिंदूला वेळ जास्त लागतो, जोखीम जास्त, टाके घालावे लागतात, आणि फी मात्र तीच.

२०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली आणि पाठोपाठ म्युकरमायकोसिस. मधुमेह आणि स्टिरॉईड यांच्या जोडीने आलेली ती काळी बुरशी नाकातून डोळ्यात जाई. तेव्हा नेत्रतज्ज्ञांना उसंत नव्हती, पण ते काम मोठ्या रुग्णालयांत, जीव वाचवायला डोळा काढून टाकण्याचे. तालुक्याच्या दवाखान्यात त्याने एक रुपयाची भर पडली नाही, पडायलाही नको होती.

मित्राने दिवाळीवर भिस्त ठेवली होती. सोयाबीन निघते, कापसाची पहिली वेचणी होते, हातात पैसा येतो आणि थंडीत ऑपरेशन करायचे ही आपल्याकडची जुनी रीत. नेमका त्या दिवाळीला, २०२१ च्या नोव्हेंबरात, एसटीचा संप सुरू झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. म्हातारा माणूस खेड्यातून येतो तो एसटीने. टमटमवाला दोघांचे जे सांगे त्यात चष्मा झाला असता. तो हंगाम गेला तो गेलाच. जानेवारी २०२२ मध्ये फेकोचे यंत्र विकून त्यांनी कर्ज फेडले. दोन माणसे कमी केली. तपासणी, थेंब आणि चष्मे सुरू ठेवले. पुढे पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत झाली, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, आणि त्यांच्याकडे आजीबाईंची रीघ लागली. म्हणतात, ‘‘आता रुग्ण आहेत, मशीन नाही. पुन्हा वीस लाख काढायचं माझं वय नाही.’’ आमच्या त्या वाचक गृहस्थांना हे उत्तर पुरेल की नाही ठाऊक नाही. आईला जालन्याला नेण्याचा एक दिवसाचा रोज आणि भाडे त्यांनाच सोसायचे आहे.

आजींचा डावा डोळा मात्र मित्राच्या हातूनच झाला, डिसेंबर २०२१ मध्ये, यंत्र जाण्याआधी महिनाभर. एसटी बंद होती म्हणून मुलाने मोटारसायकलवर नातवाच्या आणि आपल्या मध्ये बसवून आणले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना मीही गेलो होतो. आजींनी माझ्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, तुम्ही लई वाळलात की.’’ दुसऱ्या डोळ्याबद्दल त्या माझ्याशी कधी काही बोलल्या नाहीत.