खंडेनवमीला धुतली, घाटात कुथली

प्रश्न : आमच्याकडे जुनी, तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. खंडेनवमीला बॉनेट उघडून पाइपाने आतून-बाहेरून धुतली, पूजा केली, नारळ फोडला. नवरात्राची गर्दी ओसरल्यावर किनवटहून माहूरला दर्शनाला निघालो. आदल्या रात्री परतीच्या पावसाने झोडपलं होतं. सारखणी गेली, वाई बाजार गेलं, गाडी छान चालली. माहूर गाव सोडून गडाचा चढ लागला आणि गाडी गदगदा हलू लागली. पिकअप गेला, मागून पेट्रोलचा वास यायला लागला. आमच्या शेजारून एक काळीपिवळी जीप खचाखच भरून आरामात वर गेली! वर दुपारभर उन्हात उभी केली, तर उतरताना काही म्हणजे काही झालं नाही. मेकॅनिक म्हणतो, "पाणी गेलं होतं, वाळलं, आता विसरा." विसरू का?
– एक वाचक, किनवट

उत्तर : विसरू नका. पाणी गेलं होतं हे तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं बरोबर आहे. पण इग्निशनचे भाग धडधाकट असतील तर साध्या पावसाने गाडी अशी अडत नाही. अडली, म्हणजे कुठंतरी रबर कडक झालंय, कुठंतरी प्लॅस्टिकला चीर गेलीय. पाणी वाळलं तरी चीर जागेवरच आहे. आणि उतरताना गाडी नीट चालली यावर फार विसंबू नका, कारण उतारावर इंजिनाला काही कामच नव्हतं.

चढावरच का हलली, हे कळलं तर निम्मं निदान झालं. बॅटरीच्या १२ व्होल्टांनी प्लगवर ठिणगी पडत नाही. इग्निशन कॉइलमध्ये वाहणारा प्रवाह एका झटक्यात तोडला की दुसऱ्या, बारीक तारेच्या वेढ्यांत हजारो व्होल्ट उसळतात. कल्पना फॅरडेची, १८३१ सालची. बॅटरीवर चालणारी मोटारींसाठीची सोय अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने १९१०च्या सुमारास बसवली. गाड्या बदलल्या, पण तत्त्व तेच आहे. कॉइलमधून २० ते ४० हजार व्होल्ट निघू शकतात, पण प्रत्येक ठिणगीला तेवढे लागत नाहीत. उघड्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला साधारण ३,००० व्होल्ट पुरतात. प्लगची फट मात्र सिलिंडरच्या आत, दाबलेल्या हवेत असते, आणि दाब वाढला की व्होल्टेजची मागणी वाढते. सपाटीवर तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर जेमतेम टेकलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा थोडीच जाते, दाब कमी राहतो आणि ठिणगी सहज पडते. घाटात पाय खाली गेला की सिलिंडर हवेने पूर्ण भरतो, दाब चढतो, ठिणगीला लागणारं व्होल्टेज दुपटीवर जाऊ शकतं. एवढा जोर लावून फट ओलांडण्यापेक्षा प्लगच्या वायरीवरून, ओल्या टोपणावरून बाहेर घसरून इंजिनाच्या लोखंडात उतरणं विजेला सोपं पडतं. मग ठिणगी पडते, पण नको तिथं.

तीन सिलिंडरच्या गाडीत याचा हिशेब फार वाईट लागतो. २,००० आरपीएमवर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १,००० वेळा ठिणगी पडायला हवी. एक सिलिंडर गप्प बसला की एक तृतीयांश ताकद गेली, आणि उरलेले दोघे लंगडत ओढतात म्हणून गाडी गदगदते. गप्प सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमध्ये जातं. तुम्हाला मागून आलेला वास तोच.

इथे एक गैरसमज काढतो. "हवाच दमट आहे, म्हणून वीज हवेतून पळते" असं अनेक जण सांगतात. उलट, दमट हवेतून ठिणगी उडायला कोरड्या हवेपेक्षा किंचित जास्तच व्होल्टेज लागतं. खोड हवेत नसते. ती असते भागांवर बसलेल्या पाण्याच्या पातळ थरात, आणि त्यातही पाण्यापेक्षा त्यात विरघळलेल्या मळात. शुद्ध पाणी विजेचं फार वाईट वाहक. पण धूळ, तेलाची काजळी, क्षार मिसळले की तेच पाणी वाट मोकळी करून देतं. नारळाच्या पाण्यात पोटॅशियमसारखे क्षार भरपूर असतात, म्हणून पूजेचा नारळ बंपरपुढं फोडा, उघड्या इंजिनावर शिंपडू नका. देवीचा काही आक्षेप नसावा.

आता "वाळलं, विसरा" का चालत नाही ते सांगतो. ओल्या पृष्ठभागावरून ठिणगी पुन्हा पुन्हा घसरली की तिथलं प्लॅस्टिक जळतं आणि कोळशाची बारीक रेघ उमटते, शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी. कोळसा विजेचा वाहक. एकदा ही रेघ पडली की पाण्याची गरजच उरत नाही. कडक उन्हाळ्यातही चढावर वीज त्याच वाटेने निसटते. जुन्या गाड्यांत ही रेघ, प्लगांना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या आतल्या अंगाला, दोन टोकांच्या मध्ये किंवा रोटरवर सापडते. कॅप काढून उजेडात तिरपी धरून पाहा. पॉलिश पेपरने घासून काही दिवस निभावेल, इन्सुलेशन टेपही चार दिवस साथ देईल, पण हा तात्पुरता इलाज आहे. कॅप, रोटर, प्लगच्या वायरी आणि प्लग हा सगळा संच एकदम बदलून टाका. एकच वायर बदलणारा माणूस दोन महिन्यांनी दुसऱ्या वायरीसाठी परत येतो.

बदलण्याआधी नेमकी गळती कुठं आहे ते पाहायचं असेल तर त्याची युक्ती जुनी आणि फुकट आहे. रात्री अंगणातले दिवे बंद करा, गाडी न्यूट्रलला टाका, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. न्हाव्याकडे असते तशा फवारणीच्या बाटलीने एकेका वायरीवर, मग कॉइलवर, मग कॅपवर पाण्याचा हलका फवारा मारा. जिथं दोष आहे तिथं निळसर ठिणगी सळसळताना दिसेल, "टिक टिक" आवाज येईल आणि इंजिन अडखळेल. हात लावायचा नाही. उपरणं, ओढणी, पदर पंख्याच्या पट्ट्यापासून लांब ठेवा, आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी बॉनेटजवळ थांबू नये. काहीच दिसलं नाही तर एकदा इंजिन रेस करायला सांगा. झटक्याने ॲक्सिलरेटर दाबला की दाब चढतो आणि लपलेली गळती बाहेर येते.

काही इंजिनांत प्लग खोल खड्ड्यात बसवलेले असतात. पाइपाने धुतलं की पाणी नेमकं तिथं साठतं, वरून रबरी टोपण बसलेलं असल्याने दिवस दिवस वाळत नाही. प्लग खोलण्याआधी ते पाणी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून टाका, नाहीतर प्लग निघताच सगळं सिलिंडरमध्ये उतरेल. खोलताना इंजिन थंड असू द्या. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे जातात.

जुन्या मिस्त्रींची सवय असते की इंजिन चालू असताना एकेका प्लगची वायर उपटायची आणि कुठल्या वायरीने फरक पडत नाही ते पाहायचं. कार्बोरेटरच्या जमान्यात हे चालून गेलं. आताच्या गाडीत असं करू देऊ नका, कॉइल आणि कंट्रोल युनिट दोन्ही दुखावू शकतात. नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते आणि तिथं तपासणी सोपी आहे. स्कॅनर लावला की पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा असा कोड मिळतो. इंजिन बंद करून त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याशी बदलायची. कोडही शेजारी सरकला तर कॉइल दोषी. जागेवर राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा आणखी काही. अशा गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा आणि सुरक्षित जागा मिळताच थांबा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. तो खर्च कॉइलच्या कितीतरी पट.

इंग्लंडमध्ये १९५९ साली आलेल्या पहिल्या मिनी गाडीचं ओलीने ठिणगी चुकण्याचं हेच दुखणं होतं. तिचा डिस्ट्रिब्युटर पुढच्या जाळीच्या थेट मागे, पावसाच्या तोंडावर. तिथले लोक त्यावर भांडी घासायचा रबरी हातमोजा चढवत आणि बोटांच्या टोकांतून वायरी बाहेर काढत. अडचणीच्या वेळी तुम्हीही करून पाहायला हरकत नाही. दुसरा उपाय म्हणजे पाणी हटवणारा स्प्रे. डब्ल्यूडी-४० हे नावच मुळी "वॉटर डिस्प्लेसमेंट, चाळिसावा प्रयत्न" यावरून आलं. १९५३ साली सॅन दिएगोत ते क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून बनवलं गेलं. इंजिन बंद आणि थंड असताना फवारा, पुसा, मगच स्टार्टर मारा.

तुमच्या लक्षणांशी दोन गोष्टी गल्लत करू शकतात. पेट्रोल भरल्याभरल्या त्रास सुरू झाला असता तर मी टाकीतल्या पाण्याचा संशय घेतला असता. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल ओल ओढून घेतं. पण तो त्रास सपाटीवरही जाणवतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ओढ्याच्या पुलावरून वाहत्या पाण्यात गाडी घातली आणि ती आतच बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा आणि आधी प्लग खोला.

राहता राहिली ती काळीपिवळी. तुमच्या डोळ्यांदेखत ती वर गेली कारण ती डिझेलची. डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसतेच. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. कॉइल नाही, प्लगच्या वायरी नाहीत, त्यामुळे ओलीने चुकवण्यासारखी ठिणगीच नाही. गडावर ये-जा करणाऱ्या डिझेलच्या एसटीचंही तेच. त्या जीपवाल्याची पाण्याची काळजी वेगळी: डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साठतं. ते वेळच्या वेळी खालचा स्क्रू ढिला करून सोडलं नाही, तर तीही एक दिवस त्याच वळणावर उभी राहील.