दाढ काढायची, गोळ्या आधीच सुरू करू?

प्रश्न : आईची केमोथेरपी चालू आहे. दाढ काढायची आहे. मेडिकलवाला म्हणतो, प्रतिकारशक्ती कमी आहे, पाच दिवस आधीच अँटिबायोटिक सुरू करा. करू का?
– एक वाचक, मावला (जि. आदिलाबाद)

उत्तर : परस्पर नको. ‘प्रतिकारशक्ती कमी म्हणजे अँटिबायोटिक हवेच’ हा समज चुकीचा आहे. साखर आटोक्यात असलेल्या मधुमेहींनाही सहसा ते लागत नाही. उगाच घेतलेल्या गोळ्यांनी जुलाब, पुरळ आणि पुढे औषधाला न जुमानणारे जंतू, एवढेच पदरात पडते.

केमोमध्ये निर्णय सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर होतो. न्यूट्रोफिल पेशी १,०००च्या खाली असतील तर दाढ शक्यतो पुढे ढकलतात. थांबणे अशक्यच असेल तर अँटिबायोटिक कोणते, किती, हे कॅन्सरतज्ज्ञ ठरवतात. रक्तस्रावाच्या भीतीने प्लेटलेटही पाहतात. पुढच्या डोसआधीचे, पेशी सावरलेले दिवस त्यातल्या त्यात बरे.

हृदयात कृत्रिम झडप असलेल्या रुग्णांची गोष्ट वेगळी. त्यांना दात काढण्याआधी अर्धा ते एक तास २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन देतात, तेही एकदाच. पाच दिवस नाही!

आईला हाडांसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन मिळत असेल, तर ते दंतवैद्याला आवर्जून सांगा. जबड्याची जखम चिघळू शकते.

ताजा सीबीसी आणि केमोची फाइल घेऊन आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात किंवा तुमच्या दंतवैद्याकडे जा. नंतर ताप १००.४ अंशांवर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.