जेवली नाही म्हणून इन्सुलिन दिलं नाही

"आमच्या घरात सगळ्यांनाच शुगर आहे. मला सगळं कळतं, तुम्ही निर्धास्त राहा ताई." शिबिराच्या आयोजक सरांनी मला हे ऐकवलं, तेही आम्ही मुलीला सोडायला गेलो तेव्हा, सगळ्या पालकांसमोर. त्यांच्या वडिलांना सकाळ-संध्याकाळ एक गोळी असते, चहा बिनसाखरेचा असतो, एखाद्या दिवशी गोळी राहिली तर काही बिघडत नाही. माझ्या लेकीच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. तिला दिवसातून चार वेळा टोचावं लागतं आणि त्यातलं रात्रीचं चुकलं तर सकाळपर्यंत रक्त आंबायला लागतं. दोन्हींना शुगरच म्हणतात, पण हा एक आजार नाही. हे मी त्यांना तोंडी सांगितलं होतं, वर एका पानावर मराठीत लिहून दिलं होतं आणि त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता. निळ्या खुणा आजही माझ्या फोनमध्ये आहेत.

त्या पानावर काय होतं तेही सांगते, कारण नंतर "आम्हाला कुणी कल्पनाच दिली नव्हती" असं बोललं गेलं. इन्सुलिनची पेनं आणि शुगर मोजायचं मीटर असलेलं पाऊच सदैव मुलीच्या कमरेला राहील. इन्सुलिन बर्फात किंवा फ्रीजरमध्ये ठेवायचं नाही. शुगर 250च्या वर गेली, उलटी झाली किंवा पोटात दुखलं तर लगेच मला फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. ती जेवली नाही तरी इन्सुलिन बंद करायचं नाही. या शेवटच्या ओळीखाली मी लाल पेनाने दोन रेघा मारल्या होत्या.

शिबिर पवना धरणाच्या काठी होतं. आम्ही तळेगावचे, म्हणजे सगळं हाकेच्या अंतरावर. मुलं पोहोचल्या पोहोचल्या सगळ्यांची औषधं जमा करून घेतली. "नियम सगळ्यांना सारखा." लेकीने पाऊच द्यायला नकार दिला तर तिला उद्धट ठरवलं. चौदा वर्षांची मुलगी तीस मुलांसमोर किती भांडणार? तिने तरी सांगितलं, "सर, हे फ्रीजरमध्ये ठेवायचं नसतं." त्यावर उत्तर, "थंडच ठेवायचं असतं ना?" आणि स्वयंपाकघरातल्या मोठ्या डीप फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशव्यांवर, दोन्ही पेनं, ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपच्या डबीसकट पाऊच गेलं. श्रावणात पवनेकाठी दुपारीसुद्धा शाल लागते. वापरातलं पेन 30 अंशांच्या आत साधारण चार आठवडे बाहेर आरामात राहतं. तिथे फ्रीजचीच गरज नव्हती.

रात्री जेवणाआधी तिथल्या मावशींनी पेन गरम पाण्याच्या वाटीत धरून मोकळं केलं. लेकीने टोचलं, झोपताना लांब चालणारं इन्सुलिनही टोचलं, आणि पाऊच परत फ्रीजरमध्ये गेलं. एकदा गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं तरी त्याचा भरवसा उरत नाही. दिसायला मात्र अनेकदा काहीच फरक दिसत नाही. म्हणजे सुई टोचली गेली, कळ आली आणि शरीराला मिळालं जवळजवळ काहीच नाही. रात्री तिला तहान लागून जाग आली, तिने शुगर तपासायला मीटर मागितलं. गारठलेलं मीटर एरर दाखवत होतं. "मशीन बिघडलंय, झोप आता." पहाटे उलट्या सुरू झाल्या. मीटर तोवर कुणीतरी बाहेर ठेवलेलं, त्यावर आकडाच येईना, नुसतं 'हाय' आलं. बहुतेक मीटर 600च्या पुढे आकडा देत नाहीत, 'हाय' लिहितात. तेही बिघाडातच जमा झालं. मग तिला अशक्तपणा आला म्हणून साखरेचं लिंबूसरबत पाजलं आणि "थोडं चाललं की शुगर उतरते" म्हणून तिकोन्याच्या पायथ्यापर्यंतच्या फेरीत बाकीच्या मुलांबरोबर काढलं. सकाळचं इन्सुलिन? "तिने काही खाल्लंच नव्हतं ताई. इंजेक्शन दिलं असतं तर शुगर लो झाली असती."

मला फोन आला तो सकाळी साडेनवाला, आणि तोही लेकीच्या मैत्रिणीने एका गाववाल्याकडून मागून घेतलेल्या फोनवरून. तिकडे रेंज नीट नसते. मी म्हटलं, तिला दे. लेक "आई" म्हणाली आणि पुढे काही बोललीच नाही. मला ऐकू येत होता तो तिचा श्वास. खोल, भराभर, एकाला लागून एक, जिना चढून आल्यासारखा, पण थांबतच नव्हता. दमेकरी माणसाची घरघर मी ऐकलेली आहे. हा आवाज तसा नव्हता. तो मी एकदाच ऐकला होता, ती आठ वर्षांची असताना, निदान झालं त्या आठवड्यात. शरीरात आम्ल साचलं की फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून ते कमी करायची धडपड करतात, तो हा श्वास. त्या क्षणी मला कुठल्याही मीटरची गरज उरली नाही. मैत्रिणीला एवढंच म्हटलं, तिला बसव, चालू देऊ नकोस, साधं पाणी घोटघोट पाज. तिच्या मागून सरांचा आवाज येत होता, "आईला उगाच घाबरवू नका गं."

घरच्या फ्रीजमधली नवी पेनं पाण्याच्या थंड फ्लास्कमध्ये घातली, यांनी गाडी काढली. कामशेतला डावीकडे वळून पवनानगरच्या रस्त्याला लागेपर्यंत आमच्या डॉक्टरांना फोन लागला. पोहोचले तेव्हा लेकीचे डोळे खोल गेले होते, ओठांना भेगा होत्या, तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येत होता. डॉक्टरांनी सांगितला तेवढा डोस ताज्या पेनातून दिला. पाऊच मागितलं, तर मावशींनी फ्रीजर उघडून बर्फाचे कण झटकत माझ्या हातात ठेवलं. पेनाच्या काचेआड इन्सुलिन पांढुरकं, कडक झालं होतं आणि मधोमध हवेचा लांबट बुडबुडा अडकला होता. मी ते सरांसमोर धरलं. ते म्हणाले, "अहो, पण थंडच ठेवलं होतं की."

आता रस्त्याचं. सरांचं म्हणणं होतं की दुधिवरे खिंडीतून लोणावळा जवळ, तिकडे न्या. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी! भुशी डॅम, टायगर पॉइंट, कार्ल्याची एकवीरा, सगळी मुंबई-पुण्याची वर्दळ त्याच वेळी लोणावळ्यात शिरत असते. गाड्या जागच्या हलत नाहीत. मावळात राहणाऱ्याला हे सांगावं लागू नये. आम्ही उलटे कामशेतवरून तळेगावकडे आलो. पुण्याच्या दिशेचा रस्ता सकाळी मोकळा असतो. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्या मावळातल्या प्रत्येकाने शनिवार-रविवारचा आणि इतर दिवसांचा रस्ता वेगवेगळा ठरवून ठेवावा, आणि कुठल्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभाग आहे, रात्री रक्तातले क्षार तपासायची सोय आहे, हे आधी फोन करून विचारून ठेवावं. स्वतःची गाडी नसेल तर 108 ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. सांगताना "मुलीला उलट्या होतायत" म्हणू नका. "टाइप वन डायबेटिस आहे, शुगर 'हाय' आहे, श्वास लागलाय" असं म्हणा.

तळेगावच्या हॉस्पिटलात तिला थेट आयसीयूत घेतलं. कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन नावाची आम्लं साचणं. आधी सलाईन, मग पोटॅशियम बघून इन्सुलिनची ड्रिप. बाहेर नातेवाइकांचे प्रश्न सुरू झाले. शुगर 250वर आली, मग अजून ड्रिप कशाला? आणि डॉक्टर आता ग्लुकोजची बाटली का लावतायत, शुगर असलेल्या पोरीला? ऐका, कारण हे प्रश्न तुमच्याही दारात येतील. शुगर आधी उतरते, आम्ल मागाहून. आम्ल निघायला इन्सुलिन चालूच ठेवावं लागतं आणि ते चालू ठेवता यावं म्हणून ग्लुकोज देतात. मुलांची शुगर घाईने खाली आणली तर मेंदूला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून हे काम घरी, गावातल्या साध्या दवाखान्यात एक सलाईन लावून करायचं नसतं.

लेक वाचली, घरी आली. नंतर जे झालं ते मला जास्त लागलं. शिबिराच्या ग्रुपवर मेसेज आला: एका विद्यार्थिनीने चिक्की जास्त खाल्ल्यामुळे आणि तिच्या जुन्या आजारामुळे त्रास झाला, आयोजकांनी वेळीच काळजी घेतली. वेळीच! चिक्कीच्या दोन वड्यांनी शुगर चढते, हे खरं. कीटोन चिक्कीने होत नाहीत. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून ते होतात, मग पोटात चिक्की असो नाहीतर काहीच नसो. फोनवर मला वर ऐकवलं, "अशा मुलीला पाठवायलाच नको होतं तुम्ही." का नको? ती सायकल चालवते, लोहगड चढलेली आहे, कबड्डीच्या टीममध्ये आहे. तिला पाठवायचंच होतं. तिचं पाऊच काढून घ्यायचं नव्हतं.

त्यांच्याच ओळखीतल्या एका बाईंनी सल्ला दिला की मुलीला इंजेक्शनची सवय लावू नका, योगाने बरी होईल. योगाला मी नावं ठेवत नाही. लोणावळ्यात कैवल्यधाम 1924 पासून आहे, आमच्याकडच्या कित्येकांनी तिथे आसनं शिकली, माझी लेकही सूर्यनमस्कार घालते. पण इन्सुलिन ही सवय नव्हे. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ते टोचलं गेलं. त्याआधी या आजाराच्या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवून घेत, एवढंच वैद्यांच्या हातात होतं. माझी लेकही चौदाची आहे. जो कुणी टाइप वनच्या मुलाचं इन्सुलिन बंद करायला सांगेल, त्याच्या घरी परत जाऊ नका.

बाकी मला जे ठाऊक झालं ते असं. आजारपणात शुगर दर दोन-तीन तासांनी बघा, रात्रीसुद्धा गजर लावून. 250च्या वर सलग राहिली किंवा एक जरी उलटी झाली तर कीटोन तपासा. लघवीच्या पट्ट्या स्वस्त आहेत, पण खेड्यातल्या मेडिकलमध्ये त्या आधी सांगून मागवाव्या लागतात, आणि त्या मागची स्थिती दाखवतात. रक्तातले कीटोन मोजणारं मीटर परवडत असेल तर घ्याच. त्यावर 0.6च्या खाली ठीक, 1.5च्या वर गेलं की डॉक्टरांना फोन, 3च्या वर म्हणजे सरळ हॉस्पिटल. पोटात पाणी टिकत नसेल, श्वास वाढला असेल किंवा मूल गुंगीत असेल तर आकड्याची वाटच बघू नका. कीटोन असताना चालायला, पळायला, ट्रेकला नेऊ नका. इन्सुलिन नसलेल्या शरीरात व्यायामाने शुगर आणि कीटोन दोन्ही वाढतात. पाणी भरपूर. डोस किती वाढवायचा ते तुमच्या डॉक्टरांकडून बरं असतानाच कागदावर लिहून घ्या.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. पेनं बाद झाली आणि आडगावात वायल घ्यायची वेळ आली तर ती बहुधा 40 ताकदीची असते. तिला 40 चीच सिरिंज लागते, लाल टोपणाची. 100 ची, केशरी टोपणाची सिरिंज लावली तर डोस निम्म्याहून कमी जातो. उलट झालं, म्हणजे 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजने घेतलं, तर अडीचपट जातं. दुकानदाराला दोन्ही एकत्र मागा आणि काउंटरवरच छापलेला आकडा वाचून घ्या.

ज्यांच्या घरी हा आजार नाही त्यांनीही एवढं लक्षात ठेवावं: मूल अचानक खूप पाणी प्यायला लागलं, रात्री उठून उठून लघवीला जाऊ लागलं, वजन उतरलं, तर त्याच दिवशी बोटातून रक्त काढून शुगर बघा.

त्या शिबिराची पुढच्या सुट्टीची जाहिरात आली आहे, आमच्या सोसायटीच्या फलकावरही लागली आहे. पालकांनो, फॉर्म भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. औषधाची पिशवी मुलाकडेच राहील का? रात्री फोन कुणाचा लागेल? आणि मूल जेवलं नाही तर इन्सुलिनचं काय करणार? तिसऱ्याचं उत्तर "देणार नाही" असं आलं, तर मुलाला तिथे सोडू नका.