काठी, पल्ला आणि संयम

सुगी आटोपून शेते मोकळी झाली की गावोगावची मुले तुरीच्या काड्या, जोंधळ्याची ताटे आणि वेळूच्या छड्या हाती घेऊन लढाई खेळू लागतात. शाळेच्या मधल्या सुटीतही तोच खेळ चालतो. शिक्षक रागावतात, काठ्या काढून घेतात. दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीआड नव्या काठ्या निघतात. शिक्षकांची भीती रास्तच असते. तुरीच्या काडीचे टोक डोळ्यात गेले तर मुलाचे जन्माचे नुकसान होते. परंतु केवळ मनाई केल्याने खेळ थांबत नाही, तो शिक्षकाच्या नजरेआड जातो आणि तेथे तो अधिक धोक्याचा होतो. अशा वेळी ज्यांनी शस्त्रे चालविण्याचे शास्त्र घडविले त्यांनी त्यातून काय जाणले, हे शिक्षकाने समजून घेणे उपयोगाचे आहे. त्या शास्त्रातील पुष्कळ भाग वर्गात आणता येतो. काठी मात्र दाराबाहेर ठेवता येते.

विद्येचे स्वरूप

महाराष्ट्राच्या तालमींतून लाठी, बोथाटी, दांडपट्टा व फरीगदगा हे हात पिढ्यानपिढ्या शिकविले गेले. कोल्हापूरकडे त्यांना मर्दानी खेळ म्हणतात. फरी म्हणजे लहान ढाल आणि गदगा म्हणजे चामड्याने मढविलेली काठी. खऱ्या ढाल-तलवारीच्या लढतीची तयारी जिवाला धोका न पोहोचविता व्हावी, म्हणून हे साधन योजले गेले. युरोपातही हाच विचार झाला. तेथे टोकाला बोंडी बसविलेली, लवचीक पात्याची फॉइल नावाची हलकी तलवार सरावासाठी निघाली, आणि त्या सरावातूनच पुढे तलवारबाजीचा आधुनिक खेळ उभा राहिला. 1896 साली अथेन्स येथे भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांपासून तो खेळला जात आहे.

या खेळात तीन शस्त्रे आहेत. फॉइलने केवळ धडावर टोचावयाचे असते. एपे या अधिक जड शस्त्राने सर्वांगावर कोठेही टोचता येते. सेबरने कमरेवरील भागावर टोचताही येते व छेदही घेता येतो. फॉइलचे वजन 500 ग्रॅमपेक्षा व एपेचे 770 ग्रॅमपेक्षा कमी असावे लागते. ही लढत 14 मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद अशा अरुंद पट्टीवर होते. शस्त्र इतके हलके असल्यामुळे निव्वळ दंडाच्या बळाला येथे फारसे महत्त्व उरत नाही. मग जिंकतो कोण? या प्रश्नाचे उत्तर पल्ला, वेळ आणि हूल या तीन गोष्टींत सापडते.

पल्ला

प्रतिस्पर्धी आपल्यापासून किती दूर आहे, हे ओळखणे हा या विद्येचा पाया होय. इटलीतील कामिल्लो आग्रिप्पा हा व्यवसायाने स्थापत्यविशारद होता. त्याने 1553 साली रोम येथे तलवारीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हात, पाय व पाते यांच्या हालचाली भूमितीच्या आकृत्यांनी समजावून दिल्या. तलवार धरण्याचे अनेक पवित्रे त्याने चार मुख्य पवित्र्यांत आणले व त्यांना पहिला, दुसरा, तिसरा, चौथा अशी साधी क्रमवाचक नावे दिली. शिकणाऱ्याला लक्षात ठेवणे सोपे जावे, हा त्याचा लाभ कोणाही शिक्षकाला पटेल.

इंग्लंडमधील जॉर्ज सिल्व्हर या लेखकाने 1599 साली याच प्रश्नाचा वेळेच्या अंगाने विचार केला. त्याच्या मते हात सर्वांत त्वरेने हलतो. हाताबरोबर शरीर हलवावे लागले तर अधिक वेळ लागतो. आणि पाऊल उचलावे लागले तर त्याहूनही अधिक. म्हणून शहाण्याने असे अंतर राखावे की, समोरच्याला वार करण्यासाठी पाऊल टाकावेच लागेल. त्याचे पाऊल हलताच आपल्याला सूचना मिळते आणि बचावास अवधी राहतो. जो बेसावधपणे समोरच्याच्या हाताच्या पल्ल्यात उभा राहतो, त्याला डोळे उघडे असूनही वार चुकविता येत नाही.

आपल्या हुतूतूतही हेच घडते. चढाई करणारा गडी बचाव करणाऱ्यांच्या अगदी जवळ जात नाही व फार दूरही राहत नाही. तो त्यांच्या झेपेच्या सीमेवर नाचतो. कोणी अधीर होऊन पाऊल पुढे टाकले की त्याला स्पर्श करून तो परततो. हुतूतू खेळणाऱ्या मुलाला पल्ला कळतो. त्याला फक्त त्याचे नाव ठाऊक नसते.

वेळ

डोळ्याने पाहिलेली गोष्ट हाताने करावयास काही क्षण जातातच. एपेच्या लढतीत दोघांचे स्पर्श सुमारे एक पंचविसांश सेकंदाच्या आत झाले, तर दोघांनाही गुण मिळतो. इतका सूक्ष्म काळ माणसाच्या डोळ्याला ओळखता येत नाही. तेथे विजेच्या यंत्राची मदत घ्यावी लागते. माणसाचा हात दृश्याला उत्तर देण्यास साधारणतः एक पंचमांश सेकंद घेतो. म्हणून निव्वळ चपळाईवर विसंबणारा खेळाडू फसतो. कुशल खेळाडू योग्य क्षण निवडतो. समोरचा पाऊल उचलीत असताना, हात मागे घेत असताना किंवा मनाशी पुढचा बेत ठरवीत असताना तो वार करतो.

फॉइलच्या खेळातील एक नियम शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा. एकाने रीतसर चढाई सुरू केली असता दुसऱ्याने आधी ती अडवावयाची किंवा चुकवावयाची असते. त्यानंतरच त्याच्या प्रतिवाराला मान मिळतो. चढाईकडे दुर्लक्ष करून त्याने उलट टोचले आणि दोघांचेही स्पर्श झाले, तर गुण चढाई करणाऱ्याला जातो. या नियमाच्या मुळाशी असलेला विचार सरळ आहे. तलवार खरी धारदार असती, तर आपला जीव न सांभाळता शत्रूवर तुटून पडणारा त्याच्याबरोबर स्वतःही मेला असता. आधी स्वतःला राखावे, मग वार करावा, हे या नियमाने खेळाडूच्या अंगी बाणते.

हूल

एका बाजूला वार दाखवून दुसऱ्या बाजूला करणे म्हणजे हूल देणे. हूल लागू पडण्यासाठी समोरच्याचा स्वभाव वाचावा लागतो. प्रत्येक हालचालीला दचकून हात हलविणारा हुलीला बळी पडतो. शांतपणे पाहणारा पडत नाही. रागावलेला खेळाडू तर आपला बेत स्वतःच उघड करतो. यावरून असे दिसते की, शस्त्राच्या खेळात क्रोध हे बळ ठरत नाही, ते एक छिद्र ठरते आणि प्रतिस्पर्धी त्यातूनच आत शिरतो. भांडखोर मुलाला उपदेशाने न पटणारी ही गोष्ट खेळात दोन मिनिटांत पटते.

धोक्याची जाणीव

1982 साली रोम येथील जागतिक स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव्ह या सोव्हिएत खेळाडूच्या लढतीत प्रतिस्पर्ध्याचे पाते मोडले आणि तुटके टोक त्याच्या जाळीच्या मुखवट्यातून आत शिरले. 1980 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविलेला हा खेळाडू त्या जखमेने काही दिवसांतच मरण पावला. त्यानंतर पात्यांचे पोलाद, मुखवटे व अंगावरील कपडे यांच्या मजबुतीचे नियम अधिक कडक करण्यात आले. जगातील निष्णात खेळाडू, पंच आणि मुखवटे असूनही जर असे घडते, तर उघड्या चेहऱ्याच्या मुलांच्या हाती टोकदार काठ्या देऊन हा खेळ शिकवू नये, हे निराळे सांगावयास नको. लाठी किंवा फरीगदगा शिकवावयाचा असेल तर तो जाणत्या वस्तादाच्या देखरेखीखालीच शिकवावा.

वर्गासाठी पाठ

पुढील चार उपक्रम काठीविना होतात. ते तिसरीपासून पुढील मुलामुलींना एकत्र देता येतात. जागा सपाट व खडे वेचलेली असावी.

पहिला उपक्रम अंतर राखण्याचा. दोन मुले समोरासमोर हात लांब करून, एकमेकांच्या बोटांत एक वीत अंतर राहील अशी उभी राहतात व हात खाली घेतात. एकाने हवे तसे पुढे-मागे सरकावे. दुसऱ्याने तेच अंतर कायम ठेवावे. पाय एकमेकांत गुंतू देऊ नयेत. शिक्षकाने टाळी वाजविताच दोघांनी थांबून, हात लांब करून अंतर पुन्हा पाहावे.

दुसरा उपक्रम गुडघास्पर्शाचा. उघड्या तळहाताने समोरच्याच्या गुडघ्याला शिवावयाचे व आपला गुडघा वाचवावयाचा. धक्का देणारा, ओढणारा किंवा डोके पुढे घालणारा बाद होतो. तीन स्पर्श झाले की जोडी बदलावी.

तिसरा रुमालाचा. एकाने खांद्याच्या उंचीवर रुमाल धरून अचानक सोडावा. एका ढांगेवर उभ्या असलेल्या दुसऱ्याने तो जमिनीवर पडण्याआधी पकडावा. ज्याचा हात आधी व पाऊल मागाहून निघते, त्याला तो अधिक वेळा सापडतो. सिल्व्हरचे म्हणणे मुलांना येथे आपोआप कळते.

चौथा उपक्रम गणित व विज्ञान यांच्याशी जोडावा. एकाने 30 सेंटीमीटरची पट्टी वरच्या टोकाशी उभी धरावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेशी बोटे उघडी ठेवावी. पट्टी सुटताच ती पकडावी व बोटे कोणत्या आकड्यावर आली ते लिहावे. पट्टी 11 सेंटीमीटर पडण्यास सुमारे 0.15 सेकंद, 20 सेंटीमीटर पडण्यास 0.20 सेकंद आणि 30 सेंटीमीटर पडण्यास सुमारे 0.25 सेकंद लागतात. प्रत्येकाने पाच वेळा करून सरासरी काढावी. मग एक प्रश्न विचारावा: समोरच्याचा हात याहून कमी वेळात आपल्यापर्यंत पोहोचत असेल, तर आपण कोठे उभे राहावे? उत्तर मुलेच देतात.

पाठाचा समारोप सलामीने करावा. तलवारबाजीत लढतीपूर्वी व नंतर प्रतिस्पर्ध्याला सलामी देण्याचा नियम आहे. हरलेल्याने व जिंकलेल्याने एकमेकांना नमस्कार केल्यावाचून पाठ संपला असे मानू नये.

समारोप

भवानी देवी ही चेन्नईची मुलगी 2004 साली शाळेतच तलवारबाजीकडे वळली. शस्त्रे महाग असल्याने प्रारंभी तिने बांबूच्या काठ्यांवर सराव केला. 2021 साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती भारताची पहिली तलवारबाज ठरली. तेथे तिने पहिली लढत 15–3 अशी जिंकली व दुसरी 7–15 अशी गमावली. प्रत्येक शाळेतून असा खेळाडू निघेल असे नाही, आणि तसा हेतूही नाही. परंतु कोठे उभे राहावे, केव्हा हात उचलावा आणि राग आला असता तो कसा आवरावा, एवढे प्रत्येक मुलाला शिकता येते. भिंतीआडची लढाई शिक्षकाने अंगणात आणली, तिची टोके काढून घेतली आणि तिला नियम दिले, तर एखाद्या मुलाचा डोळा वाचेल आणि अनेकांना समोरच्याकडे नीट पाहण्याची सवय लागेल.