खेळाचें मोल

विद्यार्थिमित्रहो, सुलतानपुरांतील एखाद्या घराचा माळा आवरतांना वडिलांच्या लहानपणचें व्हिडिओ गेमचें यंत्र व दोन-चार जुन्या कॅसेटी हातीं लागल्या, तर काय करावें? भंगारवाल्यास द्याव्या, कीं लाखों रुपयांच्या आशेनें कुलुपांत ठेवाव्या? दोन्ही गोष्टी घाईच्या होत. वस्तूचें मोल कसें ठरतें, हें आधीं समजून घेऊं.

प्रथम सावंतवाडीच्या गंजिफा पाहा. दशावतारी गंजिफांच्या संचांत दहा अवतारांचीं प्रत्येकीं १२ याप्रमाणें १२० गोल पानें असतात. तीं हातानें रंगवून त्यांवर लाखेची चकाकी देत. छापील पत्ते स्वस्त मिळूं लागले, तेव्हां गंजिफांस गिऱ्हाईक उरलें नाहीं. विसाव्या शतकांत तेथील शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनीं ही कला पुन्हा चालती केली. आज त्या खेळणारे थोडे. परंतु संग्राहक व संग्रहालयें जुने संच जपतात. खेळ म्हणून मोल गेलें, ठेवा म्हणून आलें.

व्हिडिओ गेमचीही गोष्ट अशीच आहे. १९८२ सालीं अमेरिकेंतील अटारी कंपनीनें ‘ई. टी.’ हा खेळ काढला. पण मागणीपेक्षां माल फार झाला. १९८३ सालीं कंपनीनें तो न खपलेला माल, इतर खेळांसह, न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो येथें पुरून टाकला. २०१४ सालीं ती जागा उकरली असतां सुमारें १,३०० कॅसेटी काढण्यांत आल्या. त्यांपैकीं ८८१ कॅसेटींच्या विक्रीचे एक लाखाहून अधिक डॉलर आले. मात्र याच खेळाची न पुरलेली कॅसेट आजही स्वस्तच मिळते. किंमत आली ती खेळाला नव्हे, त्या मातीच्या इतिहासाला.

२०२१ सालीं ‘सुपर मारिओ ६४’ या १९९६ च्या खेळाची एक मोहरबंद प्रत लिलांवांत १५ लक्ष ६० हजार डॉलरला गेली. उघडलेली प्रत त्याच्या अत्यल्प अंशानें मिळते. पुढें अशा मोहरबंद खेळांचा बाजारही उतरला; तेजींत घेणारे पुष्कळ जण फसले.

यावरून तीन गोष्टी ध्यानांत येतात. वस्तु दुर्मिळ हवी. तिची स्थिति, डबा व माहितीपुस्तिका चांगलीं हवींत. आणि ती मागणारा हवा. लहानपणीं जो खेळ हवासा वाटला, तोच माणूस कमावता झाल्यावर शोधतो. ती पिढी सरली कीं मागणी ओसरूं शकते. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकांत खपलेल्या पुष्कळशा कॅसेटी नकली असत. त्यांस फारसा भाव येत नाहीं. विक्रेता काय मागतो यावर विसंबूं नये. तशीच वस्तु प्रत्यक्ष केवढ्यास विकली गेली, हें पाहावें.

पालकांसही एक विनंति. मुलाच्या शिक्षणाचा पैसा अशा तेजीमंदींत घालूं नये. परंतु माळ्यावरील यंत्र फेंकूंही नये. तें पुसून कोरड्या जागीं ठेवावें, त्यांतील सेल काढावे आणि कोणी, कधीं, कोणासाठीं घेतलें हें एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावें. बाजारांत त्याचे कदाचित् शंभर रुपयेही येणार नाहींत. पण ती चिठ्ठी वाचणाऱ्या नातवास आजोबांचें बालपण भेटेल.