डीएनएची गाठ आणि पोटॅशियमचा कण



डीएनए म्हटले की वॉटसन व क्रिक यांनी १९५३ साली मांडलेली पिळाची शिडी आपल्या डोळ्यांपुढे येते. आम्ही कला शाखेचे पदवीधर, दिवसभर बँकेत आकडेमोड करणारे. पण शेजारच्या बारावीच्या मुलाने "डीएनए नेहमी असाच असतो का?" असे विचारले आणि आम्हाला पुस्तके उघडावी लागली. उत्तर आहे, नाही.

डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक ग्वानिन. चार ग्वानिन एकमेकांचे हात धरून चौकोन करतात, हे १९६२ साली गेलर्ट, लिप्सेट व डेव्हिस यांनी दाखविले. चौकोन एकावर एक बसले की घट्ट गाठ होते. मानवी गुणसूत्रांच्या टोकाला टीटीएजीजीजी हा सहा अक्षरांचा शब्द पुन्हा पुन्हा येतो. असे चार शब्द मिळून तीन मजली गाठ बनू शकते.

आता गंमत पाहा. अक्षरे तीच, पण द्रावणात पोटॅशियम असेल तर गाठ पक्की बसते, सोडियममध्ये ती त्याहून सैल, आणि लिथियममध्ये जवळजवळ टिकतच नाही. पोटॅशियमचा कण दोन मजल्यांच्या मधोमध नेमका मावतो, आणि आपल्या पेशीत पोटॅशियमच अधिक असते. सायटोसिनचीही अशीच एक गाठ १९९३ मध्ये सापडली. तिला आम्लता मानवते. त्यामुळे ती परीक्षानळीपुरतीच असावी असे अनेकांना वाटे. पण २०१८ साली सिडनीच्या संशोधकांनी ती मानवी पेशींतही दाखविली.

बाहेरच्या क्षारांचे हे झाले. खुद्द अक्षरच बदलले तर? ग्वानिनला ऑक्सिजनचा एक अणू चिकटला की शेजाऱ्याचा हात धरण्याची कड बिघडते व गाठ सैल होते. हा बदल आपल्या शरीरात रोज घडत असतो. गुणसूत्राचे टोक वाढविणारे टेलोमरेज हे विकर बहुतेक कर्करोगांत जागे असते, आणि टोकाची गाठ त्याला अडवू शकते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, टोकातील ग्वानिन बिघडल्यास गाठ सुटून टेलोमरेजला वाट मिळते. उलट, बिघडलेले सुटे ग्वानिन त्या विकराने टोकाला जोडले, तर पुढची वाढ तेथेच थांबते.